राजाज्ञेची वाट

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत वंशावळी आणि सनदा यांना मानाचे पान मिळत आले आहे, आणि ते योग्यच आहे. कोणत्या छत्रपतींनी वा पेशव्यांनी कोणत्या घराण्यास कोणते इनाम करून दिले, हे वाचताना घरातील लहानथोरांस साहजिकच अभिमान वाटतो. तथापि अशा सनदा वाचताना एक प्रश्न आमच्या मनात वारंवार उभा राहतो. राजाने आज्ञा केली, लेखकाने ती कागदावर उतरविली, तिच्यावर शिक्का उमटला. पण त्यानंतर तो कागद गडावरून खाली आला कसा, नद्या ओलांडून आणि घाट चढून संबंधित माणसाच्या हाती पडला कसा, आणि हाती पडल्यावर त्यातले प्रत्यक्षात किती घडले? इतिहासाच्या पुस्तकांत आज्ञा देणारा असतो, आज्ञा झेलणारा असतो. या दोहोंच्या मधली वाट मात्र बहुधा कोरी राहते. यंदाच्या लेखात आम्ही त्या वाटेचाच मागोवा घेण्याचे योजिले आहे.

या विषयास महाड-पोलादपूरचा आपला मुलूख जितका अनुकूल आहे तितका दुसरा क्वचितच असेल. महाड सावित्रीच्या काठी वसले आहे. येथे गांधारी सावित्रीस मिळते आणि पुढे दासगावावरून खाडी बाणकोटास समुद्राला जाते. उत्तरेस रायगड. पूर्वेस वरंध घाटाची वाट भोरकडे चढते. दक्षिणेस पोलादपूर, तेथून एक वाट कशेडीवरून खेडकडे उतरते, तर दुसरी जुनी वाट पार घाटाने प्रतापगडाच्या पायथ्यापासून महाबळेश्वर-वाईकडे जाते. आज ज्या आंबेनळीच्या वळणांवरून आपण महाबळेश्वरास जातो तो गाडीरस्ता इंग्रजी अमदानीतला आहे. त्यापूर्वीची वाहतूक बैलाच्या पाठीवर आणि माणसाच्या डोक्यावर चालत असे. म्हणजे समुद्र, राजधानी आणि घाटमाथा या तिघांच्या मधोमध हा मुलूख आहे. कोणताही निरोप या तिघांपैकी एकाकडून दुसऱ्याकडे निघाला की तो येथूनच जावयाचा.

हे केवळ शिवकालापुरते खरे नाही. महाडजवळ गांधारपाले येथे डोंगराच्या कुशीत सुमारे तीस बौद्ध लेणी आहेत. महामार्गावरून जाताना ती प्रत्येकाच्या दृष्टीस पडतात, आणि बहुतेक जण गाडीतूनच त्यांना नमस्कार करून पुढे जातात. त्या लेण्यांत कुमार काणभोज विष्णुपालित याच्या दानाचा ब्राह्मी शिलालेख आहे. लेणे, चैत्यगृह, ओवऱ्या, पाण्याची टाकी असे दिलेले सारे काही त्यात मोजून नोंदविले आहे. पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांची नावे देणाऱ्या प्राचीन ग्रीक लेखनातील एक स्थळ म्हणजे हेच पाले असावे, असे काही विद्वानांचे मत आहे. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी येथे राजपुत्र दान देत होता आणि खाडीतून व्यापार चालत होता, तर येथे राजाचे निरोपही येत-जात असले पाहिजेत.

त्या काळचे निरोप होते तरी कसे? ताडपत्रावर वा कापडावर लिहिलेले मूळ लेख काळाच्या उदरात गेले. परंतु सुदैवाने त्यांच्या काही नकला दगडावर कोरल्या गेल्या, आणि त्या आपल्याच महाराष्ट्रात, नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांत आजही वाचता येतात. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची दोन पत्रे तेथे एकाखाली एक कोरलेली आहेत. दानाची नोंद करणारे शिलालेख पुष्कळ सापडतात. पण ही दोन्ही खरोखरीची सरकारी पत्रे आहेत. पत्र कोठून निघाले, कोणास लिहिले, काय करावयाचे, हे सारे त्यांत क्रमाने आले आहे.

पहिले पत्र राजाच्या कारकिर्दीच्या १८ व्या वर्षाचे. ते वैजयंतीच्या सेनेच्या विजयी छावणीतून निघाले आहे. वैजयंती म्हणजे बहुतेकांच्या मते कर्नाटकातील आजचे बनवासी. पत्र आहे गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालित याला. गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचे त्या आहाराचे, म्हणजे जिल्ह्याचे, ठाणे. राजाने आपल्या अधिकाऱ्यास कामाचे सांगितले आहे: काखडी गावातील जे शेत आजवर ऋषभदत्ताच्या भोगवट्यास होते, ते दोनशे निवर्तने शेत त्रिरश्मीवरील भिक्षूंस दिले आहे. ऋषभदत्त हा क्षत्रप नहपानाचा जावई. म्हणजे शत्रूचा पाडाव करून घेतलेल्या जमिनीचे हे वाटप होते. त्या शेताला कोणत्या सवलती आहेत तेही स्पष्ट लिहिले आहे. राजाच्या सैनिकांनी त्यात शिरू नये, मिठासाठी खणू नये, जिल्ह्याच्या अंमलदारांनी हात लावू नये. ज्यांच्या घरी इनामाच्या सनदा आहेत त्यांना ही कलमे वाचताना ओळखीची वाटतील. राज्ये बदलली, लिपी बदलली, भाषा बदलली. पण इनामपत्राचा हा साचा दीड-पावणेदोन हजार वर्षे फारसा बदललेला नाही.

पत्राच्या शेवटचा मजकूर तर फारच मोलाचा. आज्ञा तोंडी दिली गेली, अमात्य शिवगुप्ताने ती सांगितली, लेख कोणी जतन केला, कोणत्या तिथीस दिला आणि तापस नावाच्या माणसाने तो अमलात आणला, असे सर्व नोंदविले आहे. तिथी आहे वर्षा ऋतूचा दुसरा पक्ष, दिवस पहिला. पावसाळ्याच्या तोंडावर बनवासी ते नाशिक ही शेकडो कोसांची वाट, मध्ये कृष्णा, भीमा आणि त्यांना मिळणाऱ्या असंख्य नद्या! ज्यांनी आषाढात सावित्री पाहिली आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

जाता जाता एक गोष्ट. नाशिकच्या अमात्याचे नाव विष्णुपालित आणि आपल्या गांधारपाल्याच्या राजपुत्राचे नावही विष्णुपालितच. दोन्ही लेखांत ते प्राकृत रूपात आले आहे. एवढ्यावरून दोघे एकच असे म्हणणे धाडसाचे होईल. नामसादृश्यावर वंशावळी उभारण्याची खोड आपल्याकडे फार आहे. निदान या पानावर आम्ही ती टाळतो.

आता दुसरे पत्र पाहा. ते सहा वर्षांनंतरचे, २४ व्या वर्षाचे आहे. गोवर्धनास आता अमात्य श्यामक आहे. राजाबरोबर राजमातेचेही नाव आज्ञेत आले आहे. मजकूर असा की, आम्ही पूर्वी काखडी गावात भिक्षूंस शेत दिले होते; ते शेत कोणी कसत नाही आणि ते गावही वसलेले नाही; म्हणून आता नगराच्या सीमेवर आमच्या मालकीचे जे राजक्षेत्र आहे त्यातून शंभर निवर्तने त्यांस द्यावीत. या पत्रावरही आज्ञा तोंडी झाल्याचे, लोटा या द्वारपालाकडून लेख झाल्याचे आणि सुजीवीने तो अमलात आणल्याचे नमूद आहे. तिथी पुन्हा पावसाळ्याचीच.

या दोन पत्रांचा एकत्र विचार केला म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. पहिली आज्ञा पोचली होती, नीट पोचली होती. अधिकाऱ्याने ती स्वीकारली, दप्तरी नोंद झाली, दगडावर कोरली गेली. भिक्षूंच्या हाती मात्र सहा वर्षांत धान्याचा दाणा आला नाही, कारण ते शेत ओसाड होते. ते ओसाड असल्याची बातमी राजापर्यंत उलट्या दिशेने गेली तेव्हा कोठे दुसरी आज्ञा निघाली, आणि तीही दोनशेऐवजी शंभर निवर्तनांची. राजाचा निरोप माणसाच्या हाती पडणे निराळे आणि त्यातला शब्द त्याच्या पदरात पडणे निराळे, हा अनुभव सातवाहनकाळापासूनचा आहे.

आणखी एक गोष्ट. या पत्रांत राजाचे नाव आहे, राजमातेचा उल्लेख आहे, अमात्य, लेखक, द्वारपाल, अंमल करणारा अशा सर्वांची नोंद आहे. ज्याने ते पत्र वैजयंतीच्या छावणीपासून गोवर्धनापर्यंत वाहून आणले त्याचे नाव तेवढे नाही.

अशी माणसे राज्यांना किती लागत आणि त्यांना काय मिळे, हे कौटिल्याच्या अर्थशास्त्रावरून काहीसे समजते. त्यात दूतांचे तीन प्रकार सांगितले आहेत. सर्व अधिकार देऊन पाठविलेला तो निसृष्टार्थ, ठरावीक कामापुरता अधिकार असलेला तो परिमितार्थ, आणि केवळ लेख पोचविणारा तो शासनहर. दूत कोणत्याही जातीचा असो, त्याचा वध करू नये, कारण तो दुसऱ्याचे बोलणे बोलत असतो, असा दंडकही तेथे आहे. वेतनाच्या प्रकरणात तर मध्यम दूतास योजनामागे दहा पण, आणि दहा योजनांपलीकडे शंभर योजनांपर्यंत दुप्पट, असा दर ठरवून दिला आहे. त्याच प्रकरणात जनावरे राखणाऱ्या साध्या सेवकाचे वेतन ६० पण सांगितले आहे, यावरून दूर पल्ल्याच्या निरोप्याच्या कष्टांची किंमत कौटिल्यास चांगली ठाऊक होती असे दिसते. शिक्का मारलेली चिठ्ठी पाळीव कबुतराकरवी पाठवावी, अशीही सूचना त्या ग्रंथात आहे. सम्राट अशोकाने तर आपण भोजनास बसलेले असू वा अंतःपुरात असू, प्रजेची बातमी आणणाऱ्यास केव्हाही आपल्यापर्यंत येऊ द्यावे, असे आपल्या शिलालेखात जाहीर केले. त्याच्या शिलालेखांचे तुकडे आपल्या कोकणातच, सोपाऱ्यास सापडले आहेत.

याच सुमारास, किंबहुना याच्याही आधी, इराणच्या हखामनी सम्राटांनी सुसा नगरापासून सार्दिसपर्यंत राजमार्ग बांधला होता. हेरोडोटस हा ग्रीक इतिहासकार त्यावर १११ टप्पे असल्याचे सांगतो. साध्या वाटसरूस त्या मार्गाने ९० दिवस लागत; पण राजाचा निरोप घोडेस्वार एकमेकांच्या हाती देत दौडत नेत. या डाकेचे नाव ग्रीकांनी उचलले, आणि पुढे त्यांच्या भाषेत त्याच नावापासून जे क्रियापद बनले त्याचा अर्थ झाला एखाद्यास सक्तीने कामास जुंपणे. आपल्याकडे ज्याला वेठबिगार म्हणतात तेच. राजाची डाक वेगाने धावावी म्हणून वाटेवरच्या गावकऱ्याचे घोडे, बैल आणि खांदे धरले जात. लोकांच्या मनात त्या डाकेची आठवण राहिली ती अशी. या शब्दाकडे आम्हांस पुढे पुन्हा यावयाचे आहे.

मध्ययुगातील डाकेविषयी एकच दाखला पुरे. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाच्या दरबारी होता. घोड्यांच्या डाकेखेरीज पायी डाकेचेही वर्णन त्याने केले आहे. मैलाच्या दर तिसऱ्या हिश्श्यावर एक ठाणे असे. हरकारा एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात घुंगरांची काठी घेऊन जीव तोडून धावे, आणि घुंगरांचा आवाज ऐकताच पुढच्या ठाण्यावरचा गडी कंबर कसून उभा राही. सिंधपासून दिल्लीपर्यंत जी वाट एरवी ५० दिवसांची, ती या डाकेने पाच दिवसांत कापली जाई. सुलतान दौलताबादेस असता त्याला पिण्यास गंगेचे पाणी असेच धावत आणले जाई, असेही तो लिहितो. ती घुंगुरकाठी आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीपर्यंत घाटांतून वाजत होती.

आता आपल्या मुलखाकडे परत येऊ. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि रायरीचा डोंगर त्यांच्या ताब्यात आला. १६५९ च्या पावसाळ्यानंतर पोलादपूरच्या माथ्यावरच्या रानात जे निरोप हिंडले, तेवढे निर्णायक निरोप महाराष्ट्राच्या इतिहासात थोडे. अफझलखान वाईस, महाराज प्रतापगडी. खानाकडून वकील म्हणून कृष्णाजी भास्कर आला. महाराजांकडून पंताजी गोपीनाथ गेला. कौटिल्याच्या भाषेत सांगावयाचे तर दोघेही केवळ शासनहर नव्हते. पत्रातील अक्षरे पोचविण्यापेक्षा समोरच्याच्या छावणीतील माणसे, घोडी, तोफा आणि मनातील हेतू डोळ्यांत साठवून आणणे हे पंताजीपंतांचे खरे काम होते. खानाने वाई सोडून रडतोंडीच्या घाटाने पारास उतरावे, हे त्या निरोपांनी साधले. १० नोव्हेंबर १६५९ रोजी काय घडले ते सर्वांस ठाऊक आहे. तलवारीची बाजू पोवाड्यांनी सांगितली. निरोपाची बाजू बखरींच्या कोपऱ्यात राहिली. ही हकीगत संस्कृत काव्यात गुंफणाऱ्या कवींद्र परमानंदाची समाधी पोलादपुरास आहे, हे मात्र अभिमानाने सांगावेसे वाटते.

रायगड राजधानी झाल्यावर महाड हे राजाज्ञांचे पहिले मुक्कामाचे गाव झाले. गडावर चिटणीस बाळाजी आवजी यांच्या देखरेखीखाली पत्रे सिद्ध होत. आरंभी मुद्रा, शेवटी मर्यादेचा शिक्का, म्हणजे त्याखाली कोणी एक अक्षरही वाढवू नये. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणाऱ्या राज्यव्यवहारकोशात लेखनवर्ग हा स्वतंत्र विभागच आहे. पत्र बंद करून लाखोटा होई, तो थैलीत जाई, आणि थैली जासुदाच्या कंबरेला. जासूद बहुधा जोडीने पाठवीत. वाटेत एकास वाघाने, तापाने वा शत्रूने गाठले तर दुसऱ्याने थैली पुढे न्यावी हा त्यातला हेतू. बहिर्जी नाईक यांचे नाव हेरांच्या संदर्भात सर्वश्रुत आहे. बाकीचे जासूद बिननावाचे.

मे १६७४ मध्ये मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन राज्याभिषेकास आला. पाचाडास पोचल्यावर त्याला कळले की महाराज भवानीच्या दर्शनास प्रतापगडी गेले आहेत. राजाची गाठ पडेपर्यंत त्याला पायथ्याशी थांबावे लागले. प्रतापगड ते रायगड ही वाट पोलादपूर-महाडच्या मुलखातलीच. ६ जूनला अभिषेक झाला, १२ जूनला तहाची कलमे मान्य झाली. नजराणे, कुर्निसात, दुभाषा नारायण शेणवी यांची धावपळ हे सर्व त्या वकिलाने टिपून ठेवले आहे.

शिवकालीन पत्रांत आम्हांला सर्वांत बोलके वाटते ते जानेवारी १६७५ मधील प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास लिहिलेले. सिद्दीविरुद्ध पद्मदुर्गाच्या कामावर आणि आरमारावर जी माणसे गुंतली होती त्यांच्या खर्चाची वरात प्रभावळीवर दिली होती. आज्ञा पोचली, पैका आणि धान्य पोचले नाही. महाराजांनी त्यास असे सुनावले आहे की वाचताना आजही कान गरम होतात. हबशाने तुम्हांस काही देऊन आपलेसे केले आहे काय, असा रोखठोक सवाल त्यात आहे, आणि अशा चाकरास कोणाची भीड धरून क्षमा होणार नाही अशी ताकीदही. गौतमीपुत्राच्या दुसऱ्या पत्रातले दुखणे आणि हे दुखणे एकच. फरक इतकाच की सातवाहनाने शेत बदलून दिले आणि शिवाजी महाराजांनी अधिकाऱ्याचा कान धरला. चिपळूणजवळच्या छावणीतील लष्करास लिहिलेले पत्रही असेच. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नका, दाणागोटा बेताने वापरा, रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात गवतात नेईल आणि आग लागेल. राजाची आज्ञा किती खालपर्यंत, उंदराच्या वाटेपर्यंत, जाऊ शकते याचे हे उदाहरण होय.

पेशवाईत जासुदांचे जाळे हिंदुस्थानभर पसरले. तरीही पानिपतची पहिली बातमी नानासाहेब पेशव्यांना सरकारी जासुदाकडून मिळाली नाही, हे नमूद केले पाहिजे. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली. २४ तारखेस भेलशाच्या मुक्कामी एका सावकाराचा कासीद औरंगाबादेकडे जाताना सापडला. त्याच्याजवळच्या पत्रात मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या हिशेबी भाषेत सर्वनाश सांगितला होता. दहा दिवसांत एवढी मजल! सावकारी डाक राजाच्या डाकेपुढे निघून गेली, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. हुंडीचा भाव वेळेवर कळला नाही तर पेढी बुडते. म्हणून सावकार आपल्या कासिदास वेळच्या वेळी पैसे देतो.

महाडच्या वाट्याला आलेले दोन प्रसंग आपल्या मंडळींनी विशेष लक्षात ठेवावेत. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले आणि पुण्यात गादीचा घोळ सुरू झाला. नाना फडणीस पुणे सोडून सातारा, वाई करीत १७९६ मध्ये महाडास येऊन राहिले. रायगड जवळ, खाडी जवळ. कोंडीत सापडलेल्या मुत्सद्द्यास याहून चांगली जागा कोणती? सैन्याच्या जोरावर पुणे परत घेणे त्या वेळी नानांच्या आवाक्यात नव्हते. त्यांनी महाडास बसून पत्रे लिहिली. दौलतराव शिंद्यांचा दरबार, तुकोजी होळकर, नागपूरकर भोसले, निजाम, सर्वांकडे त्यांची माणसे गेली. ऑक्टोबर १७९६ मध्ये निजामाशी झालेला करार महाडचा तह म्हणूनच ओळखला जातो. खर्ड्याच्या लढाईनंतर मिळालेले बरेचसे त्यात परत सोडावे लागले, हे खरे. पण वर्ष संपण्यापूर्वी नाना पुण्यात परतले होते आणि दुसरे बाजीराव त्यांच्या संमतीने गादीवर बसले होते. केवळ लेखणी आणि जासुदांच्या पायांवर जिंकलेला असा डाव इतिहासात विरळा.

दुसरा प्रसंग अवघ्या सहा वर्षांनंतरचा, आणि तो आठवला की मन खिन्न होते. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरास यशवंतराव होळकरांनी पेशव्यांचा आणि शिंद्यांचा पराभव केला. दुसरे बाजीराव सिंहगडावरून घाट उतरून रायगडाकडे आणि तेथून महाडास आले. ज्या गावातून नानांनी सगळ्या दरबारांना पत्रे लिहिली होती, त्याच गावातून पेशव्यांनी मुंबईच्या इंग्रजांना लिहिले की आम्हांस नेण्यास जहाजे पाठवा. मग ते सुवर्णदुर्गाकडे गेले, डिसेंबरात इंग्रजी जहाजाने वसईस पोचले, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईच्या तहावर त्यांची मोहर उमटली. महाडहून मुंबईस गेलेला तो निरोप मात्र चटकन पोचला, आणि त्यातली विनंतीही मान्य झाली!

आता त्या वेठीच्या शब्दाकडे वळतो. जासूद राजाच्या थैलीचे. पण परगण्याच्या ठाण्यापासून गावोगाव आज्ञा नेणारा कोण होता? आपल्या सर्व गावगाड्यात हे काम महारांकडे वतनाने लावलेले होते. सरकारी कागद पुढच्या गावास पोचविणे, अंमलदार आला की वाट दाखविणे, ओझे वाहणे, रात्री-अपरात्री हाक आली की निघणे, ही त्यांची कामे. मोबदला म्हणजे वतनाचा तुटपुंजा तुकडा आणि गावाने घातलेले बलुते. इंग्रजांच्या राज्यातही महसुलाच्या कामी हीच पद्धत चालू राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. अखेर १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. म्हणजे आपल्या देव्हाऱ्याशेजारच्या पेटीतील सनद गावच्या वेशीपर्यंत ज्याने आणली तो बहुधा हा माणूस. ती त्याने दारात ठेवली आणि तो बाहेरूनच मागे फिरला.

या माणसांसाठीही एकदा एक आज्ञा निघाली होती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने संमत केला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांस खुल्या असाव्यात. सरकारने तो सर्व खात्यांस कळविला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. कागद पोचला होता, नोंदला गेला होता. तीन वर्षांत त्या तळ्यावर कोणासही पाणी पिता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर परिषदेतील हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले, तेव्हा कायदेमंडळाचा शब्द प्रथम पाण्यास टेकला. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याची शुद्धी झाली, नगरपालिकेने आपला ठराव त्याच ऑगस्टात मागे घेतला, खटला चालला, आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तळे सार्वजनिक असल्याचा निर्णय कायम केला. काखडीचे शेत बदलून मिळण्यास सहा वर्षे लागली होती. येथे साडेतेरा लागली. ज्यांच्या पायांवर शतकानुशतके या तालुक्यातील प्रत्येक आज्ञा चालली, त्यांच्याच बाबतीतली आज्ञा तळ्याच्या पायऱ्या उतरावयास एवढा वेळ घेते, ही गोष्ट महाडकर म्हणून आम्हांस सांगितलीच पाहिजे. सनदांचा अभिमान सांगणाऱ्या पानावर ती सांगू नये, असे कोणास वाटले तरी आमचे मत तसे नाही.

सभासद कुटुंबांना एक विनंती करून हा लेख पुरा करतो. जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहरात घरोघरी पाणी शिरले, तळीये गावावर डोंगर कोसळला, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसे नेली. त्या दुःखापुढे कागदांची गोष्ट लहान आहे. परंतु माळ्यावरची, पेटीतली जुनी मोडी दप्तरे ज्या घरांत वाचली असतील त्यांनी ती आता उन्हाळा संपण्यापूर्वी उघडून, सावलीत वाळवून, जाणकारांकडून वाचून घ्यावीत. सनद आणि इनामपत्रे आपण नेहमीच प्रथम शोधतो. या वेळी खर्चाच्या किरकोळ याद्या आणि पत्रांच्या पाठीमागच्या बारीक ओळीही टाकून देऊ नयेत. पत्र घेऊन आलेल्या माणसास दिलेले शेर-दोन शेर तांदूळ किंवा काही आणे अशाच ठिकाणी लिहिलेले असतात, आणि क्वचित त्यापुढे त्याचे नावही असते. असे नाव सापडल्यास ते, गाव व तिथीसह, संस्थेकडे लिहून पाठवावे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत ते वंशावळींच्या आधीच्या पानावर छापू.